चेंडू आधी स्थिर असावा

विदर्भाच्या प्राचीन राजधानीचा मान परंपरेने ज्या गावास दिला, भीष्मक राजाच्या कन्येचे माहेर म्हणून ज्याचे नाव शतकानुशतके पालखीबरोबर आषाढीला पंढरपुरापर्यंत जात आले आहे, आणि ज्याच्या पांढरीच्या टेकाडात डॉ. मो. गं. दीक्षित यांनी १९६०च्या दशकात केलेल्या उत्खननाने दोन हजार वर्षांहून जुन्या वस्तीचे अवशेष उजेडात आणले, त्या तिवसा तालुक्यातील मौजे कौंडण्यपूरविषयी लिहिताना लेखणी सहजच पुराणाकडे आणि इतिहासाकडे वळते. माझा आजचा विषय मात्र त्या गावात आज नांदणाऱ्या, पाच ते सात वर्षे वयाच्या मुलामुलींचा आहे. त्यांच्या हाती पहिला चेंडू कोणता, कसा आणि कोणाच्या देखरेखीखाली यावा, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. आणि त्याचे माझे उत्तर असे की तो चेंडू आरंभी स्थिर असावा, मुलाच्या कमरेइतक्या उंच खुंटावर ठेवलेला असावा, आणि प्रत्येक मुलाला, ते चपळ असो वा मंद, मुलगा असो वा मुलगी, तो टोलवण्याची पाळी हक्काने मिळावी. अमेरिकेत या खेळास टी-बॉल म्हणतात. नाव परके आहे, खेळही तिकडचाच आहे. पण ज्या वयाच्या मुलांसाठी तो योजिला आहे ते वय सर्व मुलुखांत सारखेच असते, आणि म्हणूनच वऱ्हाडातील एका नदीकाठच्या गावासंबंधाने त्याची तजवीज सुचविण्याचे धाडस मी करीत आहे.

आज काय चालते ते आधी पाहू. वऱ्हाडातील कोणत्याही गावी शाळा सुटल्यानंतर, उन्हे कलू लागली म्हणजे मोकळ्या जागेवर क्रिकेट सुरू होते, आणि त्यावर बारा-तेरा वर्षांच्या पोरांचा अंमल असतो. बॅट ज्याची त्याचा हुकूम, आणि चेंडू ज्याने आणला त्याला फलंदाजीचा पहिला मान, असा तेथील शिरस्ता. सहा वर्षांचे पोर या दरबारात येते तेव्हा त्याला एकच कामगिरी मिळते. शेजारच्या तुरीच्या वावरात किंवा नाल्याच्या झुडपांत गेलेला चेंडू शोधून आणणे. तासभर अशी चाकरी बजावल्यावर ते बिचारे धीर करून म्हणते, "मले बी एक डाव खेळू दे नं गा, दादा." दादाला दया येते, बॅट हाती मिळते, ती त्या पोराच्या छातीइतकी उंच आणि त्याच्या मनगटांना न पेलणारी असते. पहिला चेंडू येतो आणि निघून जातो, त्यानंतर बॅट फिरते. दुसऱ्या चेंडूला ती आधीच फिरते. तिसऱ्याला डोळे मिटलेले असतात. चौथा चेंडू टाकण्याइतकी सबुरी कोणाजवळ नसते. बॅट काढून घेतली जाते आणि पोर पुन्हा तुरीच्या वावराकडे चालू लागते. त्याची धाकटी नव्हे तर बरोबरीच्या वयाची चुलतबहीण हे सारे ओट्यावर बसून पाहत असते, आणि तिला तर चेंडू आणायलाही कोणी पाठवीत नाही. यात मोठ्या मुलांचा दुष्टपणा मुळीच नाही. त्यांनाही याच रीतीने शिकवले गेले, किंबहुना शिकवलेच गेले नाही.

त्या पोराच्या तीन चुकलेल्या फटक्यांची कारणमीमांसा मात्र कोणी करीत नाही. गावाचा निवाडा झटपट होतो की पोराला हात नाही. वस्तुस्थिती अशी आहे की आपल्याकडे वेगाने येणाऱ्या वस्तूचा वेग आणि दिशा ओळखणे, ती अमुक क्षणी अमुक जागी असेल असा अंदाज बांधणे, आणि त्याच क्षणी त्याच जागी आपल्या हातांतील काठी नेऊन पोहोचवणे ही तीन स्वतंत्र कामे आहेत, आणि ती एकाच वेळी साधण्याची शक्ती मुलाच्या डोळ्यांत, मेंदूत आणि स्नायूंत हळूहळू, वर्षांच्या क्रमाने येते. पाचव्या-सहाव्या वर्षी ती बहुतेकांत अपुरीच असते. एखाद्यात लवकर येते, एखाद्यात दोन वर्षे उशिरा. आणि उशिरा येणारा पुढे मागे पडतोच असे नाही. परंतु आपण पहिल्याच दिवशी तिन्ही कामांची परीक्षा घेतो आणि अनुत्तीर्णांना मैदानाबाहेर घालवतो. ज्याला आठव्या वर्षी चेंडू दिसू लागला असता तो सहाव्या वर्षीच "मला खेळता येत नाही" अशी आपली सनद स्वतःच लिहून घेतो, आणि ती मग जन्मभर रद्द होत नाही.

टी-बॉलच्या योजकांनी येथे एक अत्यंत साधी गोष्ट केली. बेसबॉल या आपल्या राष्ट्रीय खेळातून त्यांनी चेंडू टाकणारा गडीच काढून टाकला, आणि त्याच्या जागी रबरी नळीचा एक उभा खुंट रोवून त्याच्या डोक्यावर चेंडू ठेवला. हे प्रथम कोणी केले याविषयी त्या देशातच वाद आहे. मिशिगन संस्थानातील अल्बियन गाव १९५६ सालाचा दाखला देते, तर जॉर्जियातील वॉर्नर रॉबिन्स १९५८ सालावर आपला दावा सांगते. माझ्या मते त्या वादाचा निकाल लागण्याची आपल्याला निकड नाही. ध्यानी घ्यायचे ते इतकेच की पेनसिल्व्हेनियातील विल्यम्सपोर्ट येथे १९३९ साली मुलांसाठी बेसबॉलची लिटल लीग निघाली, तिच्यात पुष्कळ वर्षे मुले खेळली, आणि त्या अनुभवानंतरही चार ते सात वर्षांच्या मुलांकरिता त्याहून सौम्य असे काही हवे, अशी जाणीव तेथील लोकांना झाली. आज त्याच लीगमध्ये या वयाच्या मुलांचा प्रवेश टी-बॉलमधूनच होतो. खुंटाची उंची मुलाप्रमाणे कमीजास्त करता येते. चेंडू मऊ असतो. धावण्याच्या टप्प्यांमधील अंतर पन्नास फुटांपर्यंत आखडते घेतात. डावात प्रत्येक मूल फटका मारते, कोणी किती धावा केल्या याची नोंद बहुधा ठेवीत नाहीत, आणि शिक्षक मैदानाच्या कडेला उभा राहून ओरडत नाही, तो मुलांच्या मधोमध वावरतो. तीन कामांपैकी दोन या रीतीने काही काळ तहकूब होतात. चेंडू जागचा हलत नाही, म्हणून मुलाला आपले दोन पाय, आपली कंबर, आपले खांदे आणि आपले हात यांच्याकडे लक्ष देण्यास प्रथमच अवसर मिळतो.

प्रत्यक्ष मैदानावर हे कसे करावे याविषयी मी जरा विस्ताराने लिहितो, कारण साधन सोपे असले की लोक समजतात शिकवणेही सोपे, आणि तेथेच घोटाळा होतो. मुलाला खुंटाच्या समोर उभे करू नये. कुशीवर, म्हणजे ज्या दिशेला चेंडू जायचा तिकडे डावा खांदा येईल असे उभे करावे. खुंट त्याच्या पोटासमोर नको, पुढच्या पायाच्या रेषेत हवा, म्हणजे हात पुरते लांबल्यावर बॅट चेंडूला भेटते. उजव्या मुलाचा डावा हात मुठीच्या तळाशी, उजवा त्याला लागून वर. मुले हे हटकून उलटे करतात आणि मनगटे एकमेकांत अडकतात. पहिले काही दिवस बॅट चेंडूला न लागता खुंटालाच लागेल, आणि चेंडू तेथल्या तेथे पायाशी टपकेल. याचे कारण बहुधा हेच की मूल फटक्याच्या क्षणी मान वर करून चेंडू कोठे गेला ते आधीच पाहू लागते. त्याला "नीट मार" असे सांगून काही निष्पन्न होत नाही. चेंडूवर खडूने एक ठिपका काढावा आणि "ठिपक्याला मार" म्हणावे. हे एवढे वाक्य सहा वर्षांच्या मुलाला पुरते. फटका बसला की त्याला स्वतःलाच इतके आश्चर्य वाटते की ते बॅट भिरकावून देते, आणि टी-बॉलमधील खरा धोका हाच आहे, चेंडू नव्हे. म्हणून बॅट खाली ठेवून मग धावायचे हा नियम पहिल्या दिवसापासून, कोणाचीही भीड न धरता, पाळावा; आणि पाळीची वाट पाहणाऱ्या मुलांसाठी चुन्याची एक रेघ आखून, शिक्षकाने नाव घेतल्याशिवाय ती कोणी ओलांडू नये.

या खेळात एक उणीवही आहे, आणि ती झाकून ठेवणे मला प्रशस्त वाटत नाही. मोठ्या संख्येने मुले मैदानात उभी केली तर एक मूल फटका मारते आणि उरलेली पंधरा गवत उपटीत बसतात. आणि चेंडू एकदाचा आला की पंधराच्या पंधरा त्यावर झेप घेतात व डोक्यावर डोके आपटते. अमेरिकी पालकांची या खेळाविषयी जी तक्रार असते ती हीच. तिचा उपाय लहान गटांत आहे. पाच-सहा मुलांमागे एक खुंट असावा. एक गट टोलवीत असता दुसऱ्याने दोघादोघांनी मिळून चेंडू जमिनीवरून सरपटत देण्याघेण्याचा सराव करावा, तिसऱ्याने भिंतीवर खडूने काढलेल्या वर्तुळावर चेंडू फेकावा, आणि दर आठ-दहा मिनिटांनी जागा बदलाव्यात. झेलण्याचे शिक्षणही असेच पायरीपायरीने द्यावे: प्रथम सरपटी चेंडू, मग एक टप्पा पडून येणारा, आणि फार पुढे हवेतून हळुवार टाकलेला. ज्या मुलाच्या छातीवर पहिल्याच दिवशी झेल सुटून आपटतो ते पुढे वर्षभर चेंडू आला की तोंड फिरवते. अर्ध्या तासाचा खेळ पुरे आहे. मुले आणखी मागत असतानाच तो आटोपता घ्यावा.

आता जो आक्षेप येणार हे मला ठाऊक आहे त्याकडे वळतो. विटीदांडू, लगोरी, आबाधुबी, सूरपारंब्या असे एकाहून एक सरस खेळ ज्या मातीत रुजले, तेथे हा परदेशी खुंट कशाला? आक्षेप घेणाऱ्यांच्या भावनेविषयी मला आदर आहे, आणि तो मनापासूनचा आहे. पण त्यांनी विटीदांडूचीच रीत एकवार बारकाईने पाहावी. गलीवर विटी आडवी ठेवतात, ती निश्चल असते. दांडूचे टोक तिच्याखाली घालून ती कोलायची असते. हे साधल्यावर मग विटीच्या निमुळत्या टोकावर हलकासा आघात करून ती उडवायची, आणि हवेत असतानाच टोलवायची; येथे वस्तू हलू लागते, पण तिला हलवणारा खेळणारा स्वतःच असतो, तिचा वेग त्याच्या मर्जीतला असतो. दुसऱ्याने फेकलेल्या वेगवान चेंडूचा मुकाबला करण्याआधी या दोन पायऱ्या आपल्या पूर्वजांनी मुलांच्या खेळात घालून ठेवल्या होत्या. टी-बॉलचा खुंट म्हणजे पहिल्या पायरीचेच दुसरे रूप आहे. विटीदांडूत एकच भय आहे, ते म्हणजे दोन्हीकडून टोकदार असलेली ती विटी. तिने डोळा गेल्याची उदाहरणे ज्याने ऐकली नाहीत असा वृद्ध मनुष्य खेड्यात विरळा. पाच वर्षांच्या मुलांचा घोळका भोवती असता विटी उडवणे मला धोक्याचे वाटते. म्हणून माझी योजना अशी की सातव्या वर्षापर्यंत मऊ चेंडू आणि खुंट, आणि त्यानंतर मोकळ्या जागेवर, जाणत्याच्या नजरेखाली, विटीदांडू. क्रिकेटचा चेंडू त्याच्याही नंतर. परदेशी खेळ देशीला हुसकावील हे भय या क्रमात उरत नाही, उलट दांडू धरण्याचे हात त्यातूनच तयार होतात.

आणि परदेशीपणाचाच विचार करायचा तर वऱ्हाडच्या गावागावांत संध्याकाळी ज्याचे जाळे बांधलेले दिसते तो व्हॉलीबॉल कोठला? मॅसॅच्युसेट्समधील होलिओक येथे १८९५ साली विल्यम मॉर्गन यांनी तो काढला. आज गावच्या तरुणाला त्याचे परकेपण जाणवतसुद्धा नाही. याउलट आपले खेळ परमुलुखी नेण्याचे पहिले मोठे धाडसही याच अमरावती जिल्ह्याने केले. अंबादासपंत आणि अनंतराव वैद्य या बंधूंनी १९१४ साली अमरावतीस हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिले, आणि १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिक महोत्सवाच्या वेळी त्या मंडळाच्या पथकाने हुतूतूसारख्या देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली. ज्यांनी आपले खेळ इतक्या आत्मविश्वासाने जगापुढे ठेवले त्यांच्या वारसांना जगाचा एखादा उपयुक्त खेळ घरात घेण्याचा संकोच वाटू नये. मंडळाच्या परिसरात शारीरिक शिक्षणाचे महाविद्यालय आहे. अध्यापनाचा सराव म्हणून तेथील विद्यार्थ्यांना पाठ घ्यावे लागतात. ते पाठ शहरातील मोठ्या माध्यमिक शाळांच्या जोडीने चाळीसएक किलोमीटरांवरील कौंडण्यपूरच्या पहिली-दुसरीच्या मुलांवर घेतले गेले, तर उभयपक्षी लाभ आहे. दहावीच्या मुलाला रांगेत उभे करणे सोपे. सहा वर्षांच्या मुलाला बॅट खाली ठेवायला शिकवणे ही शिक्षकाची खरी कसोटी.

साधनांच्या खर्चाची सबब पुढे येईल, म्हणून तिचाही विचार करतो. ताराबाई मोडक यांचे नाव आपण बोर्डी आणि कोसबाड या ठाणे-पालघरच्या गावांशी जोडतो. पण विवाहानंतरची त्यांची काही वर्षे अमरावतीत गेली, ही गोष्ट वऱ्हाडी माणसाने विसरू नये. मॉन्टेसोरीची महागडी उपकरणे खेड्यातील मुलांना परवडणार नाहीत हे ओळखून, शंखशिंपले, बिया, पाने, खडे अशा परिसरातील वस्तूंवर त्यांनी बालशिक्षण उभे केले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेली. पद्मभूषण किताब त्यांना १९६२ साली मिळाला, पण त्यांचा खरा मान त्या अंगणांत आहे. तोच दृष्टिकोन येथे लावला तर खुंटासाठी परदेशी दुकानाचा उंबरठा चढावा लागत नाही. शेतात तुषारसिंचनाच्या नळ्यांचे तुटके तुकडे प्रत्येकाकडे पडलेले असतात; जुन्या घमेल्यात सिमेंट ओतून त्यात हातभर नळी उभी करावी, तीत सैलसर बसणारी दुसरी बारीक नळी घालून खिळ्याने उंची कायम करावी, आणि वरच्या तोंडाला सायकलच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा चढवावा, म्हणजे बॅट लागली तरी नळी फुटत नाही आणि मनगटाला झटका बसत नाही. चेंडू चिंध्यांचा, वर घट्ट शिवलेल्या जाड कापडाचा. गावातील बचत गटाच्या बायका असे डझनभर चेंडू एका दुपारी शिवतील. बॅट मात्र सुतारानेच करावी, हलक्या लाकडाची, मुलाच्या हाताच्या लांबीपेक्षा फारशी मोठी नाही अशी; मूल ती एका हातात आडवी धरून काही क्षण स्थिर ठेवू शकले तर वजन योग्य समजावे. मोठ्याची जुनी बॅट कापून लहानाला देण्याचा प्रघात सोडून द्यावा, कारण तिची मूठ जाडच राहते.

मला सर्वांत अधिक चिंता वाटते ती पालकांची. विदर्भाच्या संघाने २०१७-१८ आणि २०१८-१९ साली लागोपाठ आणि २०२४-२५ साली पुन्हा रणजी करंडक जिंकला. अमरावतीचा जितेश शर्मा भारताकडून खेळला. या यशाचा अभिमान रास्त आहे. पण त्याची छाया आता पाच वर्षांच्या मुलांवर पडू लागली आहे. शहरांत या वयाच्या मुलांना पूर्ण पोशाख चढवून, महिन्याची फी भरून, उन्हात जाळ्यांसमोर उभे करणारे वर्ग निघाले आहेत, आणि खेड्यातील बापही विचारू लागला आहे, "आमचं पोट्टं पुढं काही होईन का, गुरुजी?" त्या बापाच्या आशेला मी हसणार नाही, कपाशीच्या भावाने ज्याचे वर्ष ठरते त्याने मुलासाठी दुसरी वाट धुंडाळावी यात गैर काही नाही. परंतु पाचव्या वर्षीच्या खेळातून अकराव्या वर्षीचा खेळाडू ओळखता येतो, ही समजूत खोटी आहे, आणि तिच्यापायी आपण उरलेल्या मुलांना अकारण बाद करतो. म्हणून आठव्या वर्षापर्यंत या खेळात करंडक नको, निवड नको, गुणफलक नको, आणि उत्कृष्ट खेळाडूचे बक्षीस तर मुळीच नको. गणतंत्रदिनाच्या कार्यक्रमात पाहुण्यांपुढे सामना लावून दाखवण्याचा मोहही गावाने आवरावा. मुले धावा मोजतात, ती मोजणारच. त्यांनी आपसात मोजाव्यात आणि संध्याकाळपर्यंत विसराव्यात. मोठ्यांनी त्यांचा ताळेबंद ठेवू नये.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागावे हेच खेदजनक आहे. ज्या गावाची कीर्ती आपल्या विवाहाचा निर्णय आपण घेऊन श्रीकृष्णास स्वहस्ते पत्रिका धाडणाऱ्या राजकन्येमुळे आहे, त्या गावात सहा वर्षांची मुलगी धाकट्या भावाला काखोटीला मारून ओट्यावरून मुलांचा खेळ पाहत राहते. टी-बॉलचा एक विशेष गुण असा की त्या वयात मुलगा आणि मुलगी यांच्या बळात म्हणण्याजोगा फरक नसतो, आणि स्थिर चेंडूला तो तर नसतोच. गट मिश्र ठेवले की "पोरींचा खेळ, पोरांचा खेळ" हा भेद रुजण्याआधीच खुडला जातो. पुढे वाट अडत नाही, हेही सांगून ठेवतो. सॉफ्टबॉल शालेय क्रीडास्पर्धांत आहे, महाराष्ट्राच्या मुली त्यात नाव काढून आहेत, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये क्रिकेटबरोबर बेसबॉल-सॉफ्टबॉललाही स्थान मिळाले आहे. पण मुलीने खुंटासमोर उभे राहावे ते ऑलिंपिकसाठी नव्हे. तिला त्या क्षणी तो चेंडू टोलवावासा वाटतो, हे कारण पुरेसे आहे. धाकट्या भावाला तेवढा अर्धा तास सांभाळण्याची तजवीज अंगणवाडीच्या ताईंशी बोलून करता येते.

हंगाम आणि जागा यांचाही विचार केला पाहिजे, कारण पुण्यामुंबईचे वेळापत्रक वऱ्हाडात चालत नाही. आपल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, आणि तेव्हापासून दसऱ्यापर्यंत काळ्या जमिनीचा चिखल पायाला असा चिकटतो की धावणे अशक्य. त्या दिवसांत शाळेच्या व्हरांड्यात चिंध्यांचा चेंडू देण्याघेण्याचा सराव पुरे. दिवाळीनंतर जमीन वाळते, पण भेगा पडू लागतात, आणि त्या भेगेत मुलाचा पाय मुरगळतो. म्हणून निवडलेल्या तुकड्यावर मुरूम टाकून तो दाबून घ्यावा. नेमकी त्याच सुमारास कपाशीची वेचणी असते, आईबाप पहाटेच शेताकडे निघतात, आणि संध्याकाळी मुले घरी एकटी असतात किंवा वावरात असतात. त्यामुळे खेळाची घटिका शाळेच्या वेळेतच, सकाळच्या पहिल्या प्रहरी धरावी, शाळा सुटल्यावर नको. कार्तिकातील यात्रेचे दिवस सोडून द्यावेत. होळीनंतर ऊन कडक होते. मार्चअखेर खेळ बंद करून पावसाळ्यापर्यंत विश्रांती, हेच शहाणपणाचे. वर्षाचे चार-साडेचार महिने मिळतात, आणि या वयाला ते भरपूर आहेत.

राहिला अंमलबजावणीचा प्रश्न. शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने शाळेला क्रीडांगण बंधनकारक केले आहे, आणि शाळेला पालकांचे बहुमत असलेली व्यवस्थापन समितीही दिली आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकत्र धरून त्याचे शिक्षण खेळातून व्हावे असे म्हटले आहे. म्हणजे हुकूम आहेत, सनदा आहेत; उणीव आहे ती मुरूमाच्या दोन ट्रॉल्यांची, चार खुंटांची, आणि अर्धा तास मुलांत उभ्या राहणाऱ्या एका माणसाची. याच तालुक्यात मोझरीला तुकडोजी महाराजांचे गुरुकुंज आहे, जेथे प्रार्थनेबरोबर व्यायामालाही ग्रामसुधारणेत स्थान मिळाले. तेथून प्रेरणा घेतलेले पुष्कळ जाणते पुरुष आणि बाया कौंडण्यपुरात आणि आसपास आहेत, आणि त्यांतील कोणाला हे काम सांगितले तर ते नकार देतील असे मला वाटत नाही. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत शाळा व्यवस्थापन समितीने हा विषय मांडावा, जागेची निश्चिती आणि मुरूमाची मंजुरी त्याच बैठकीत घ्यावी, सुताराला बॅटींचे काम दसऱ्याआधी सांगावे, आणि अमरावतीच्या महाविद्यालयाला सरावपाठांसाठीचे पत्र ग्रामपंचायतीच्या शिक्क्यानिशी त्याच आठवड्यात जावे, म्हणजे दिवाळीची सुटी संपून शाळा भरेल तेव्हा पहिलीच्या वर्गाला चेंडू तयार मिळेल.